टोकापर्यंत

हायवे चौपदरी झाला त्या वर्षी
एका ट्रेलरच्या वाऱ्याने कोकिळाची सायकल
साइडपट्टीवरून खाली लोटली.
धक्का नाही, काही नाही. नुसता वारा.
ती उठली, पदराची माती झटकली,
म्हणाली, वहिनी,
हॉर्न नसलेला एखादा रस्ता
आपल्या तालुक्यात उरलाय का?

उरला होता.
नकाशात तो रस्ता नाहीच, निळी रेघ आहे.
गिरणेच्या पाटाकडेने
इरिगेशनच्या जीपसाठी घातलेला मुरूम.
जीप गंजून गेली, मुरूम राहिला.

पौषातल्या एका रविवारी निघालो.
डब्यात कळण्याची भाकरी, भरीत,
कॅरिअरला मुनाफने बांधून दिलेलं पंक्चरचं सामान
आणि त्याने फुकट दिलेली ताकीद:
पाटावर ट्रकची भीती नाही, बाई.
बाभळीची धरा.

पहिला तासभर बोललोच नाही.
सतरा वर्षं एकाच दवाखान्यात ड्यूटी,
सतरा वर्षं एकाच रस्त्याने,
पण नेहमी एकीमागे एक,
पाठीलाच कान फुटल्यासारख्या.
शेजारी शेजारी सायकल चालवायला
आम्हाला आधी शिकावं लागलं.
दोनदा हँडल हँडलला लागलं.
तिसऱ्यांदा ती हसली.

पाटाला मैलामागे चार बोटं उतार असतो म्हणे.
डोळ्याला दिसत नाही.
पाण्याला कळतो, आणि थोड्या वेळाने
गुडघ्यांना कळायला लागतो.
कुणीतरी मागून
अगदी हलका हात लावून ठेवलाय
असं.

पलीकडे दादर पोटरीत आलेली,
केळीच्या बागेतून गार वास,
बंड्या पोरगा पुलाच्या कठड्यावर
म्हशींची राखण करत पालथा पडलेला.
तो उठून बसला.
कोठे चालनात?
पाटाच्या टोकापर्यंत.
तठे काय शे?
काहीच नही.
मंग कसाले चालनात?

कोकिळा म्हणाली, येताना सांगते.

प्रत्येक दारापाशी पाट थोडा थोडा वाटला जात होता.
सकाळी म्हैस त्यात पोहत होती,
फक्त नाकपुड्या आणि शिंगं वर.
दहा वाजता म्हैस बसलेली दिसली.
साखळी दगडावरचे आकडे वाढत गेले
आणि पाणी पोटरीला, मग घोट्याला.
भाकरी खायला थांबलो तिथे
शेळ्या खूर न भिजवता
दगडादगडावरून पलीकडे जात होत्या.
सिमेंटचं अस्तर संपलं,
मग दगडी, मग मातीचं,
मग रस्ताच संपला
आणि बांधावरून सायकली हातात धरून चालत गेलो.

शेवटच्या शेतात एक बाई
पायानेच ढेकूळ सारून वाफ्याचं तोंड फिरवत होती.
आमच्याकडे बघून
तिने आधी डोक्यावरचा रुमाल सारखा केला,
मग पाणी विचारलं. तिच्याच मडक्यातलं.
आम्ही प्यायलो.
याच्या पुढे? मी विचारलं.
तिने हनुवटीने दाखवलं:
वावर.

वीतभर चर. तोही ओला, वाहता नव्हे.
एवढीच उरली होती.
सकाळी जिच्या अलीकडे उभं राहून
पलीकडच्या माणसाला हाक मारावी लागली असती
ती
हरभऱ्याच्या दोन ओळींत जिरत होती.

कोकिळा चरापाशी उभी राहिली,
साडी जरा वर धरली,
आणि चप्पलसुद्धा न भिजवता
एका टांगेत
अख्खी गिरणा ओलांडली.
मग परत आली. मग पुन्हा पलीकडे गेली.
एक्कावन्न वर्षांची बाई, हेड नर्स.

परतताना चढ. तोही चारच बोटं,
पण दिवसभराचे.
अकराव्या साखळीला माझं मागचं चाक बसलं.
बाभूळच. मुनाफला मनातल्या मनात सलाम केला.
सोल्यूशन वाळून गेलेलं निघालं
म्हणून दोघी चालत निघालो,
सायकली बाहेरून, आम्ही मधून.

कठड्यावर पोरगा नव्हता.
म्हशी घरी गेलेल्या.
कोकिळा तरी तिथे थांबली,
रिकाम्या पुलाला काहीतरी सांगितलं,
मला ऐकू आलं नाही.